एका श्रोत्याचा गवई



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शाळामास्तर. आयुष्याची उणीपुरी पस्तीस वर्षे मी मुलांना इतिहास शिकविला. त्या अवधीत सांगितलेल्या अनेक गोष्टींपैकी एक गोष्ट चुकीची होती, हे सेवानिवृत्त झाल्यावर माझ्या वाचनात आले. तिची दुरुस्ती वर्गात करण्याची संधी आता उरली नाही. म्हणून ती आज आपणासमोर करीत आहे.

शनिवारच्या शेवटच्या तासाला मुले चुळबुळ करू लागली म्हणजे मी त्यांना स्पेनच्या वेड्या राजाची गोष्ट सांगत असे. राजा खिन्नतेने अंथरुणास खिळलेला. वैद्य हात टेकून बसलेले. तेवढ्यात इटलीचा एक जगप्रसिद्ध गवई येतो, शेजारच्या दालनात उभा राहून गातो, आणि राजा उठून बसतो. पुढे तो गवई रोज रात्री तीच चार पदे राजाला ऐकवितो, आणि राजा खडखडीत बरा होतो. एके वर्षी मागल्या बाकावरच्या एका मुलाने मला विचारले, "मास्तर, तीच चार गाणी रोज म्हणून त्या गवयाला कंटाळा नाही का आला?" मी म्हणालो, "राजाज्ञा होती, बाळ." वर्ग हसला, घंटा झाली. उत्तर मात्र माझ्या मनात तसेच अपुरे राहिले.

त्या गवयाचे खरे नाव कार्लो ब्रोस्की. जगाने त्यास फारिनेल्ली ह्या नावाने ओळखले. दक्षिण इटलीत आंद्रिया म्हणून एक गाव आहे, तेथे २४ जानेवारी १७०५ रोजी त्याचा जन्म झाला. बाप संगीतज्ञ होता, वडील भाऊ रिकार्दो पुढे पदांना चाली देणारा म्हणून नावारूपास आला. बाप १७१७ साली वारला, आणि त्यानंतर लौकरच ह्या मुलावर ती शस्त्रक्रिया झाली, जिच्यावाचून फारिनेल्ली हा फारिनेल्ली झाला नसता. मुलगा वयात येऊ लागला म्हणजे त्याचा आवाज फुटतो. तो फुटू नये म्हणून इटलीत गोड गळ्याच्या मुलांचे पौरुष बालपणीच हरण करीत. कायद्याने हे निषिद्ध, धर्मपीठालाही अमान्य. परंतु देवळातील गायकवृंदात स्त्रियांना मज्जाव, रोमच्या रंगभूमीवरही त्यांना बंदी, आणि उंच पट्टीचे आवाज तर सर्वांना हवेत! तेव्हा प्रत्येक मुलाच्या बाबतीत काही तरी अपघाताची कथा पुढे करण्यात येई. कार्लोच्या बाबतीत घोड्यावरून पडण्याचे निमित्त सांगण्यात आले. ह्या क्रौर्याचे फळ असे की कंठ बालकाचा राही आणि छाती व दम मात्र पूर्ण वाढलेल्या पुरुषाचा येई. अशा गायकांस कास्त्रातो म्हणत. आपल्याकडील संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची येथे आठवण होणे साहजिक आहे; पण त्या उभयतांत काडीचेही साम्य नाही, हे आधीच सांगून ठेवितो.

नेपल्स शहरी निकोला पोर्पोरा नामक कडक शिस्तीच्या गुरूपाशी त्याचे शिक्षण झाले. १७२० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो प्रथम जाहीरपणे गायिला. त्या दिवशी गायिलेल्या संगीतिकेचे शब्द मेतास्तासिओ नावाच्या तरुण कवीचे होते, आणि त्याचीही ती पहिलीच संगीतिका. दोघांचा जन्म एकाच रंगभूमीवर झाला म्हणून ते एकमेकांस आयुष्यभर 'जुळा भाऊ' म्हणत राहिले. हाच मेतास्तासिओ पुढे व्हिएन्नाचा राजकवी आणि त्या शतकातील सर्वांत मोठा ऑपेरा-लेखक झाला. ऑपेरा म्हणजे अथपासून इतिपर्यंत गाऊनच करावयाचे नाटक. आपल्या संगीत नाटकात गद्य संभाषणे असतात, तेथे तीही सुरातच म्हणावयाची.

सतराव्या वर्षी रोममध्ये त्याची आणि एका तुतारी वाजविणाराची रोज रात्री जुगलबंदी लागत असे. एकच स्वर अगदी बारीक धरावयाचा, तो फुलवीत न्यावयाचा, आणि पुन्हा उतरवीत आणून नाहीसा करावयाचा, ही तेथील गायकीतील अवघड गोष्ट. त्या खेळात वाजविणारा दमून थांबला, लोकांस वाटले दोघेही थकले. तो फारिनेल्लीने त्याच दमात तानांचा नवा फवारा सोडला. इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी ह्याने ही हकीकत लिहून ठेविली आहे. त्याचा आवाज जवळजवळ तीन सप्तके फिरत असे म्हणतात. १९९४ साली त्याच्यावर जो चित्रपट निघाला, त्यात तसा आवाज एका माणसाच्या गळ्यात सापडेना म्हणून एक स्त्री आणि एक पुरुष अशा दोन गायकांचे आवाज यंत्राने एकत्र मिसळावे लागले. त्या चित्रपटातील बाकीच्या प्रसंगांवर मात्र फारसा विश्वास ठेवू नये.

१७३१ साली व्हिएन्नास बादशहा सहावा चार्ल्स ह्याने त्यास एक उपदेश केला. तुझे गाणे ऐकून माणसे थक्क होतात, पण थक्क करण्याचे दिवस आता पुरे झाले. ह्यापुढे अंतःकरणास भिडेल असे सोपे गात जा, असा त्याचा मथितार्थ होता. राजेलोकांचा कलेतील उपदेश बहुधा ऐकून सोडून देण्याच्याच योग्यतेचा असतो. पण हा उपदेश फारिनेल्लीने मानला, आणि आपल्या गायनाचा ओघच पालटला. ही गोष्ट त्याने उतारवयात बर्नीला स्वतःच सांगितली.

१७३४ च्या शरदात तो लंडनला आला. हॅन्डेल त्या वेळी लंडनमध्येच ऑपेरा चालवीत होता. त्याने काही वर्षांपूर्वी फारिनेल्लीस आपल्याकडे ओढण्याचा यत्न केला होता, पण तो निष्फळ झाला. आता त्याच्याविरुद्ध उमरावांनी जी दुसरी मंडळी उभारली होती तीत फारिनेल्ली दाखल झाला. पहिल्याच खेळात प्रतिपक्षाचे काम करणारा ज्येष्ठ गायक सेनेसीनो हा, आपण क्रूर जुलमी राजा आहोत हे विसरून, बेड्या घातलेल्या फारिनेल्लीच्या गळ्यात पडला. एक श्रीमंत बाई तर प्रेक्षागृहातच ओरडली की देव एक आणि फारिनेल्ली एक. हॉगार्थ ह्या चित्रकाराने ते वाक्य आपल्या चित्रात टिपून तिची थट्टा केली. पगार, इनामे व स्वतःच्या लाभाचा खेळ मिळून त्यास वर्षाकाठी पाच हजार पौंडांच्या आसपास प्राप्ती होई. परंतु एका शहरात दोन ऑपेरा नांदेनात. लोकांची हौस विटली, कर्ज वाढले, आणि १७३७ च्या उन्हाळ्यात उमरावांची मंडळी बुडाली. त्याच कर्जबाजारी दिवसांत हॅन्डेलने 'आरिओदान्ते' आणि 'आल्चिना' ह्यांसारखी नाटके लिहिली. फारिनेल्लीच्या गळ्यासाठी त्याने काही लिहिले असते तर, ही हळहळ संगीताच्या जाणकारांस अद्यापि वाटते.

पुढील हंगामास परत येतो असे सांगून फारिनेल्ली पॅरिसमार्गे माद्रिदला गेला. जाताना त्याला काही महिन्यांचा मुक्काम अपेक्षित होता. तो तेथे बावीस वर्षे राहिला. सार्वजनिक रंगभूमीवर तो पुन्हा कधीही गायिला नाही. वय होते बत्तीस.

स्पेनचा राजा पाचवा फिलिप हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू. १७२४ साली त्याने एकदा राज्यत्याग करून मुलास गादी दिली होती. मुलगा काही महिन्यांतच देवी येऊन वारला आणि बिचाऱ्याला पुन्हा राजमुकुट चढवावा लागला. त्याची खिन्नता तेव्हापासून वाढतच गेली. तो दाढी करू देईना, कपडे बदलू देईना. दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस करी, मंत्र्यांना मध्यरात्रीनंतर बोलावी. राणी एलिझाबेथ फार्नेसे ही पार्माची, मोठी धोरणी बाई. राजाने पुन्हा राज्य टाकले तर आपले व आपल्या मुलांचे काय, ही विवंचना तिला होती. म्हणून संगीताचा उपाय करून पाहण्याचे तिने ठरविले. शेजारच्या दालनातील गाणे, राजाचे उठणे, काय बक्षीस हवे म्हणून विचारणे, आणि 'महाराजांनी दाढी करून दरबारात यावे' हेच बक्षीस गवयाने मागणे, ही सारी हकीकत पुढील चरित्रकारांनी रंगवून सांगितली आहे. ती खरी असो वा नसो. २५ ऑगस्ट १७३७ चा राजाचा हुकूमनामा मात्र खरा आहे. त्यान्वये फारिनेल्ली राजघराण्याचा खाजगी सेवक झाला. वर्षास इंग्रजी नाण्यात दीड हजार गिनी वेतन ठरले, आणि राजाराणीवाचून अन्य कोणाचीही ताबेदारी त्याजकडे राहिली नाही. बाहेर गाण्याची मुभा अर्थातच संपली.

येथे माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येते. बोलोन्याच्या काउंट सिचिनिओ पेपोली ह्या आपल्या स्नेह्यास फारिनेल्लीने लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत, आणि २००० साली ती इटलीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. माद्रिदला आल्यानंतर लौकरच लिहिलेल्या पत्रांतून तो कळवितो की आल्या दिवसापासून आपला क्रम एकच आहे: रोज रात्री राजाराणीच्या पायांशी गावयाचे. चार पदे नव्हेत, आठ-नऊ पदे! आणि सुटी म्हणून नाही. हा जीवनक्रम निभविण्यास देवाने प्रकृती द्यावी, अशी प्रार्थनाही तो करितो. १७३७ च्या ऑगस्टपासून राजा वारला त्या ९ जुलै १७४६ पर्यंत हिशेब केला तर तीन हजारांहून अधिक रात्री होतात. तेव्हा बाळ, तू जेथे असशील तेथे ऐकत असलास तर ऐक: कंटाळा आला होता. मास्तराने राजाज्ञेचे नाव सांगून तुझा प्रश्न टाळला, हे बरोबर केले नाही.

गोष्टीचा दुसरा भागही तितकाच लंगडा आहे. राजा बरा झाला नाही. ब्रिटिश वकील बेंजामिन कीन ह्याने १७३८ साली आपल्या सरकारास गुप्तपणे कळविले की राजा फारिनेल्लीची पदे ऐकून झाल्यावर स्वतःच एकामागून एक ती म्हणू लागतो, आणि मग असे हावभाव व आरडाओरड करितो की ते परक्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून लोकांस आटोकाट खटपट करावी लागते. आता तो देखावा डोळ्यांपुढे आणा. उत्तररात्र झालेली आहे. ज्याचे गाणे ऐकावयास लंडनचे उमराव पौंडांच्या थैल्या रित्या करीत, तो हात बांधून उभा आहे. आणि समोर एक मळक्या वस्त्रांतला म्हातारा राजा त्याच्याच पदाचे विडंबन करीत ओरडतो आहे. हसावयाचे नाही, कान झाकावयाचे नाहीत, आणि उद्या रात्री पुन्हा तेच पद शुद्ध सुरात म्हणावयाचे! रोग गेला नाही. रात्री मात्र पार पडल्या. राजा गादीवर राहिला, आणि राणीला तरी तेवढेच हवे होते.

राजाच्या इतक्या जवळ असलेल्या परदेशी माणसाला राजकारणात लुडबूड करण्यास किती वाव असेल! परदेशी वकील त्याच्या उंबरठ्याशी येत. सत्तेचा त्याने गैरवापर केला नाही असाच बहुतेक समकालीनांचा अभिप्राय आहे. ह्या बाबतीत मी त्यास गाण्याइतकेच श्रेय देतो.

माद्रिदमधील एका शिंप्याची गोष्ट बर्नीने दिली आहे. फारिनेल्लीने समारंभासाठी एक मूल्यवान पोशाख शिवून घेतला आणि शिंप्याकडे पावती मागितली. शिंपी म्हणाला की पावती केलेली नाही आणि करणारही नाही. मला एक पद ऐकवावे, एवढेच मागणे आहे. ज्या गळ्याचे वर्णन सारे करितात तो गळा त्या गावात राहत असून गावकऱ्यास ऐकावयास मिळत नव्हता! फारिनेल्लीने परोपरीने समजाविले, पैसे पुढे केले, शिंपी हटेना. शेवटी त्यास आत नेऊन, राजापुढे गावे तसे, मन लावून त्याने गाणे ऐकविले. शिंपी आनंदाने विव्हळ होऊन जावयास निघाला, तेव्हा फारिनेल्लीने त्यास थांबविले: मी तुमचे ऐकले, आता तुम्ही माझे ऐका, असे म्हणून पोशाखाच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम त्याच्या हाती दिली. ही कथा अक्षरशः घडली असेल असा आग्रह मी धरीत नाही. पण त्या बावीस वर्षांत स्पेनच्या प्रजेच्या वाट्याला काय आले, हे तिच्यातून जितके स्पष्ट दिसते तितके दप्तरातील कागदांवरून दिसत नाही.

१७४६ साली सहावा फर्डिनंड गादीवर आला. त्याची राणी बार्बारा ही पोर्तुगालच्या पाचव्या जॉन राजाची कन्या. आपल्या श्रोत्यांस एवढे सांगितले म्हणजे पुरे होईल की १७३९ साली चिमाजी अप्पांनी ज्या राजाची वसई घेतली, तोच हा जॉन. बार्बारा स्वतः उत्तम वादक होती. हार्प्सिकॉर्ड हा पियानोचा पूर्वज. त्यावर तिला लहानपणापासून शिकविणारा गुरू म्हणजे दोमेनिको स्कार्लाती, हाही इटालियनच, आणि तिच्याबरोबरच स्पेनमध्ये येऊन राहिलेला. ह्या नव्या राजवटीत फारिनेल्लीच्या आयुष्यास वळण लागले. गाणे अजूनही राजाराणीपुरतेच. परंतु ब्वेन रेतीरोच्या राजवाड्यातील नाट्यगृहाचा कारभार त्याच्याकडे आला. त्याने इटलीहून गायक, वादक, पडदे रंगविणारे, यंत्रे करणारे आणविले. व्हिएन्नाहून जुळ्या भावाची नाटके मागविली. मेतास्तासिओची 'निर्जन बेट' ही नाटिका १७५३ साली आणि 'नित्तेती' हे नाटक १७५६ साली अशी खास स्पेनसाठीच लिहिली गेली. त्या रंगमंचाची मागील बाजू उघडून राजोद्यानापर्यंत दृश्य दाखविण्याची सोय होती.

ज्यास स्वतः रंगभूमीवर पाऊल ठेवावयाचे नाही त्याने दुसऱ्यांसाठी एवढी मोठी रंगभूमी सजवावी, ह्यात मला त्याचा खरा पुरुषार्थ दिसतो. ह्या बाबतीत तो विलक्षण काटेकोर होता. १७५८ साली त्याने राजास एक सचित्र हस्तलिखित सादर केले. त्यात नाट्यगृहाची व्यवस्था, कामकऱ्यांच्या नेमणुका, गायकांचे मान आणि करमणुकीच्या नौकांची तपशीलवार नोंद आहे. आरांख्वेस येथे टेगस नदीवर राजाराणीसाठी त्याने नौकांचा ताफा उभारला होता. सायंकाळी राजनौकेवर वादक बसत, कधी राजा वा राणी स्वतः वाद्यावर साथ करी, आणि फारिनेल्ली गात असे. त्या वेळी काठावर कोणी कोळी किंवा माळी उभा असला तर त्यास फुकट ऐकावयास मिळाले असेल, एवढेच समाधान. १७५० साली राजाने त्यास कालात्रावाचा सरदार केले. चित्रकार आमिगोनीने त्याच सुमारास काढलेले एक चित्र हल्ली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे आहे. त्यात फारिनेल्ली छातीवर तो क्रूस मिरवीत बसला आहे आणि शेजारी मेतास्तासिओ आहे. मेतास्तासिओ त्या वेळी व्हिएन्नास होता. परदेशी राहिलेल्या माणसाने आपले आप्त निदान चित्रात तरी एकत्र बसवून घेतले!

२७ ऑगस्ट १७५८ रोजी राणी बार्बारा वारली. फर्डिनंड शोकाने वेडा झाला आणि एका वाड्यात कोंडून घेऊन, अन्नपाणी टाकून, वर्षभरात १० ऑगस्ट १७५९ रोजी तोही गेला. बापाच्या वेळी जे संगीत निदान झोकांड्या सावरीत होते त्याचा मुलाच्या वेळी काहीही उपयोग झाला नाही. नेपल्सहून आलेल्या तिसऱ्या चार्ल्सला संगीताचे वावडे होते. त्याने वेतन चालू ठेविले आणि फारिनेल्लीस स्पेन सोडून जाण्यास सांगितले.

बोलोन्याजवळ त्याने पूर्वीच जमीन घेऊन बंगला बांधविला होता, तेथे तो राहावयास गेला. राणीने मृत्युपत्रात त्यास एक अंगठी, तीन उत्कृष्ट वाद्ये आणि आपले सर्व संगीतग्रंथ ठेविले होते. त्या ग्रंथांत स्कार्लातीच्या रचनांच्या तिच्यासाठी नकलून घेतलेल्या पंधरा वह्या होत्या. स्कार्लाती राणीच्या आधी एक वर्ष वारला होता, आणि त्याच्या वाद्यरचनांपैकी फारच थोड्या हयातीत छापल्या गेल्या होत्या. ह्या वह्या आज व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात आहेत. जगातले पियानोवादक आज ज्या स्कार्लातीला वाजवितात, त्यातील फार मोठा भाग त्या वह्यांमुळे हाती लागला. फारिनेल्लीचा स्वतःचा आवाज मात्र कोणत्याच वहीत मावण्यासारखा नव्हता.

१७७० साली चार्ल्स बर्नी त्याला भेटला. त्याच वर्षी चौदा वर्षांचा मोझार्टही बापासह येऊन भेटून गेला. म्हाताऱ्याने बर्नीचे अगत्याने स्वागत केले. गाणे फार दिवसांपूर्वीच सोडले होते. हार्प्सिकॉर्ड वाजवी, स्वतः काही रची. वाद्यांना त्याने चित्रकारांची नावे दिली होती: सर्वांत आवडते ते 'राफाएल', मग 'कोरेज्जो', 'तिशियन', 'ग्विदो'. आणि ती रोजची चार पदे? ती हकीकत बर्नीला ह्या भेटीतच, खुद्द फारिनेल्लीच्या तोंडून कळली. तरुणपणी मित्रास लिहिताना जी आठ-नऊ होती, ती म्हातारपणी आठवताना चार झाली! बाकीची त्याने कोठे टाकिली, हे मला कोडे आहे. कदाचित पाहुण्यास कथा सुटसुटीत हवी म्हणून; कदाचित तेवढीच त्यास आठवावीशी वाटली म्हणून.

१६ सप्टेंबर १७८२ रोजी तो वारला. जुळा भाऊ मेतास्तासिओ त्याच वर्षी एप्रिलात गेला होता. नेपोलियनच्या स्वाऱ्यांत त्याची मूळ समाधी उद्ध्वस्त झाली. एका नातलग स्त्रीने १८१० साली अस्थी बोलोन्याच्या मोठ्या दफनभूमीत हलविल्या, आणि २००६ साली शास्त्रज्ञांनी त्या अभ्यासासाठी बाहेर काढिल्या. बंगला १९४९ साली पाडला गेला.

बर्नीने त्या बंगल्याच्या मोठ्या दालनाचे वर्णन केले आहे. भिंतींवर सर्वत्र फारिनेल्लीच्या आश्रयदात्यांच्या तसबिरी होत्या: दोन बादशहा, एक बादशाहीण, स्पेनचे तीन राजे, दोन राण्या, सार्डिनियाचा राजा, आणि एक पोप. माद्रिदच्या शिंप्याची तसबीर त्यांत नव्हती.